ट्रेलरवर मावेल ते आपलं: समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी कारखानदारांनी कशी तयारी करावी

मुंबई हायमधल्या एका प्लॅटफॉर्मसाठी आमच्या शेडमध्ये शिड्या आणि कठडे तयार होत होते. माल जवळजवळ पुरा झाला होता. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरनं एका शिडीच्या उभ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हिचा हीट नंबर दाखवा." मिलचं सर्टिफिकेट फाइलला होतं. प्लेट आल्याची नोंद स्टोअरच्या रजिस्टरला होती. पण प्लेटच्या ज्या कोपऱ्यावर नंबर ठोकलेला होता, तो कोपरा कटिंगमध्ये सुटा झाला आणि भंगाराच्या गाडीतून गेला. कापणाऱ्यानं बाकीच्या तुकड्यांवर नंबर उतरवून घेतला नव्हता. वेल्डिंग चोख होतं, माप बरोबर होतं, तरी अख्खा लॉट नापास झाला. ते पोलाद कुठल्या भट्टीतलं हे आम्हाला ठाऊक होतं, पण सिद्ध करता येत नव्हतं.

समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या पुरवठा साखळीत शिरायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं पुणे-नाशिक-कोल्हापूरकडचे कारखानदार विचारतात तेव्हा मी ही गोष्ट आधी सांगतो. मशीन कुठलं घ्यावं आणि सबसिडी किती मिळेल, हे प्रश्न त्यानंतरचे.

आधी परिस्थिती जशी आहे तशी समजून घ्या. केंद्र सरकारनं समुद्रातल्या पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये जाहीर केलं. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळची क्षेत्रं प्राधान्यानं निवडली. दोन्ही मिळून क्षमता सुमारे ७० गिगावॅट धरली जाते. खंबातच्या आखातात, पिपावावजवळच्या समुद्रात, २०१७ मध्ये लायडार यंत्र बसवून वाऱ्याची प्रत्यक्ष मोजणी सुरू झाली. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ७,४५३ कोटी रुपयांची व्यवहार्यता तूट निधी योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी हजार मेगावॅटच्या पहिल्या प्रकल्पांसाठी आहेत, निम्मे मेगावॅट गुजरातला आणि निम्मे तमिळनाडूला, तर ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. पुढे निविदा निघाली, मुदती पुढे ढकलल्या गेल्या, आणि या योजनेतला एकही खांब अजून समुद्रात रोवला गेलेला नाही. महाराष्ट्राचा किनारा तर पहिल्या यादीतच नाही. तेव्हा कोकणात जागा घेऊन ठेवा, पवनचक्क्या येणार आहेत, असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

मग आपण तयारी का करायची? कारण तयारीचा मोठा भाग आपल्याकडे आधीच आहे, फक्त तो दोन वेगळ्या घरांत विभागलेला आहे.

पहिलं घर जमिनीवरच्या पवनचक्क्यांचं. साताऱ्यातलं वनकुसवडे आणि चाळकेवाडीचं पठार, धुळे जिल्ह्यातलं ब्राह्मणवेल ही नावं या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. सुझलॉन १९९५ मध्ये पुण्यात सुरू झाली. देशात आज ५० गिगावॅटच्या वर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्यांतला ७० ते ८० टक्के माल देशातच तयार होतो. दुसरं घर समुद्रातल्या तेलाचं. 'सागर सम्राट'नं १९७४ मध्ये मुंबई हायला तेल शोधलं. तेव्हापासून माझगाव डॉकमध्ये आणि पुढे हजिऱ्याच्या यार्डात जॅकेट (प्लॅटफॉर्मचा पायाचा पोलादी सांगाडा) आणि डेक बांधणारी, ते बार्जवर चढवणारी, भर समुद्रात नेऊन उभे करणारी माणसं तयार झाली. पवनचक्कीवाल्यांना पात्याचं, गिअरबॉक्सचं गणित येतं. तेलवाल्यांना खारं पाणी, लाटा आणि वेल्डिंग कळतं. ही दोन माणसं एका टेबलाशी सहसा बसत नाहीत. समुद्रातल्या पवनचक्कीला दोघंही लागतात, आणि मधली जागा आज मोकळी आहे.

डेन्मार्कचं एसबियर बंदर याच वाटेनं गेलं. आधी मासेमारी, मग उत्तर समुद्रातलं तेल, मग पवनचक्क्या. जगातला समुद्रातला पहिला पवनप्रकल्प त्याच देशात १९९१ मध्ये विंडेबीला झाला. ११ चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या. आज एकेक चक्की १५ मेगावॅटची येते आणि तिचं एक पातं ११५ मीटर लांब असतं. एवढं पातं खंबाटकी घाटाच्या वळणावरून नेण्याचा विचार करून बघा.

इथूनच माझा पहिला नियम येतो. ट्रेलरवर मावेल ते तुमचं, न मावेल ते बंदरावरचं.

समुद्रात रोवायचा एकेरी खांब, म्हणजे मोनोपाइल, आठ-दहा मीटर व्यासाचा आणि हजार टनांहून जड असतो. तो रस्त्यानं जात नाही. मोठी पाती जात नाहीत, अखंड जॅकेट जात नाही. हे सगळं धक्क्याला लागून असलेल्या यार्डातच व्हायला हवं. ते काम मोठ्या भांडवलाचं आहे आणि त्यात तुम्ही उतरायची गरज नाही. पण समुद्रातल्या प्रकल्पाच्या खर्चात खुद्द पवनचक्कीचा वाटा निम्म्याहून कमी असतो. बाकीचा पैसा पाया, केबल, समुद्रातलं सबस्टेशन, जहाजं आणि उभारणी यांत जातो. त्या पायाच्या आणि सबस्टेशनच्या अंगाखांद्यावर शेकडो छोट्या वस्तू लागतात. शिड्या, कठडे, जाळीची फरशी, होडी टेकवायचा बोट लँडिंगचा सांगाडा, केबल वर घेणाऱ्या जे-ट्यूब, केबल ट्रे, छोटे डेव्हिट क्रेन, गंज स्वतःवर ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे ॲनोड, मनोऱ्याच्या फ्लँजचे एम-६४, एम-७२ मापाचे बोल्ट. या धंद्यात पायावरच्या अशा जोडकामाला दुय्यम पोलाद म्हणतात. नावात दुय्यम असलं तरी देखभालीला चढणाऱ्या माणसाचा जीव त्याच शिडीवर असतो.

फौंड्रीवाल्यांना दोन शब्द वेगळे सांगतो. पवनचक्कीच्या हबसारखं मोठं ओतकाम कोल्हापूरला नवं नाही. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सिनर्जी ग्रीन इंडस्ट्रीजसारखा कारखाना ते करतोच आहे. पण शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या सर्वसाधारण फौंड्रीनं एकदम हबच्या मागे धावू नये. गिअरबॉक्सचे भाग, यॉ ड्राइव्हची हाउसिंग, बेअरिंगचे ब्लॉक, ब्रेकचे भाग ही आपल्या भट्टीला झेपणारी वजनं आहेत. खरी अडचण वजनापेक्षा धातूत आहे. मागणी असते ४००-१८ एलटी या जातीच्या एसजी आयर्नची, आणि आघात चाचणी उणे २० अंशाला. आपल्या समुद्रात उणे २० कुठलं, असं वाटणं साहजिक आहे. पण डिझाइन आणि प्रमाणपत्र जगभरासाठी एकच असतं, चाचणी टळत नाही. ती पास व्हायची तर सिलिकॉन आणि फॉस्फरस आटोक्यात हवेत, परलाइट जवळजवळ नको. गाड्यांचं पत्र्याचं भंगार स्वस्त पडतं म्हणून भट्टीत टाकलं की त्यातला मँगनीज घात करतो. म्हणून चार्जची यादी बदलावी लागते, चांगलं पिग आयर्न घ्यावं लागतं आणि दर त्या हिशेबानं लावावा लागतो. वाहन उद्योगाच्या दरात हे काम घेतलंत तर पहिल्याच वर्षी हात पोळतील.

आता फॅब्रिकेशन. इथं मी जरा थांबून सांगणार आहे, कारण नापास होणारा बहुतेक माल इथंच नापास होतो.

कागदापासून सुरू करा. प्रत्येक प्लेट, पाइप, सेक्शन सोबत ३.१ दर्जाचं चाचणी प्रमाणपत्र हवं, आणि महत्त्वाच्या भागांना ३.२, म्हणजे त्यावर त्रयस्थ तपासणी संस्थेचीही सही. हे प्रमाणपत्र फाइलमध्ये असून भागत नाही. नंबर लोखंडाबरोबर चालत गेला पाहिजे. मी आता साधी शिस्त सुचवतो. कटिंगच्या टेबलाशी नंबर ठोकायचा पंच साखळीनं बांधून ठेवा. तुकडा सुटा होण्याआधी त्यावर हीट नंबर उतरवायचा, मगच गॅस पेटवायचा. नंबर नसलेला तुकडा लाल रंगाच्या पेटीत टाकायचा, मग तो कितीही चांगला दिसो. पहिले दोन महिने कामगार कुरकुरतात, नंतर हाताला वळण पडतं. या कामाला दीड-दोन हजार रुपयांच्या पलीकडे भांडवल लागत नाही. पण लाखांची मशीनं घेतलेल्या कारखान्यांत मला हाच पंच दिसत नाही.

वेल्डिंगला प्रक्रिया लिहून, तिची चाचणी घेऊन, वेल्डर पात्र ठरवून मगच हात लावायचा असतो. आयएसओ ३८३४ ची पद्धत कारखान्यात बसवून घ्या. परदेशी खरेदीदार पहिल्या भेटीत तीच विचारतो. जॅकेटच्या नळ्या तिरक्या जुळतात तिथल्या सांध्यांसाठी ६जीआर परीक्षा पास झालेला वेल्डर लागतो, साधा ६जी पास चालत नाही. असा माणूस तुमच्याकडे तयार झाला की आखाती देशातून त्याला बोलावणं येतं, आणि तो जातो. त्याला दोष देऊ नका. तुम्ही त्याला वर्षभराच्या कामाची खात्री आणि त्याच्या हाताच्या लायकीचा पगार द्या. शिवाय त्याच्या शेजारी दोन आयटीआयची मुलं उभी करा. एकाच वेल्डरवर चालणारा कारखाना या कामाच्या पात्रतेत बसत नाही.

रंगकाम. समुद्रावर लोखंड वीस-पंचवीस वर्षं टिकवायचं आहे आणि दुरुस्तीला माणूस पाठवायचा म्हणजे बोट, हवामान आणि मोठा खर्च. म्हणून आयएसओ १२९४४ मधला सर्वांत कडक, सीएक्स वर्ग मागितला जातो. रंग चांगल्या कंपनीचा आणला की झालं, असा आपला समज असतो. पण गंज धरतो कडेला. कापलेल्या प्लेटची कड धारदार राहिली तर ओला रंग त्या धारेवरून मागे सरकतो आणि तिथं थर पातळ पडतो. म्हणून प्रत्येक कड घासून किमान २ मिलिमीटर गोलाईची करायची. वेल्डच्या कडा, बोल्टची भोकं, आतले कोपरे यांना फवाऱ्याआधी ब्रशनं वेगळा हात द्यायचा. वेल्डचे उडालेले मणी काढायचे. मग ब्लास्टिंग, एसए अडीच दर्जाचं. त्यानंतर पृष्ठभागावर मीठ उरलंय का, हे चिकटवायच्या पॅचच्या चाचणीनं बघायचं. किनाऱ्याजवळच्या शेडमध्ये हवेतूनच मीठ येऊन बसतं.

आणि पावसाळा. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी वर असल्याशिवाय रंग मारायचा नाही, हा जगभरचा नियम आहे. जुलैमध्ये आपल्याकडे सकाळी लोखंडाला हात लावा, बोटं ओली होतात. अशा दिवशी रंग मारलेला माल महिनाभर सुंदर दिसतो आणि पहिल्या वर्षातच पापुद्रे सोडतो. तेव्हा या धंद्यात यायचं असेल तर एका बंद खोलीचा, हवा कोरडी करणाऱ्या यंत्राचा आणि दवबिंदू मोजायच्या उपकरणाचा खर्च आधी धरा. सीएनसी मशीन नंतर आलं तरी चालेल. एकट्याला झेपत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून ब्लास्टिंग आणि रंगकामाची सामाईक सोय उभारा. फौंड्रीच्या वाळूसाठी कोल्हापूरकरांनी असं एकत्र येऊन केलंच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या क्लस्टर योजनेतून अशा सामाईक केंद्राला केंद्राचं अनुदान मिळतं.

पैशांचं सांगायला हवं, कारण चांगला माल करूनही कारखाने बुडतात ते इथं. समुद्रातल्या कामात पैसे टप्प्याटप्प्यानं येतात, काही रक्कम हमी संपेपर्यंत अडकून राहते आणि बँक गॅरंटी मागितली जाते. करार सही करताना तुमचा टप्पा 'माल कारखान्यातून तपासून बाहेर पडला' इथं संपतो की 'समुद्रात बसला' इथं, हे नीट वाचा. दुसरं असेल तर सही करू नका. जहाज येईना म्हणून काम थांबलं, तरी तुमचे पैसे थांबतील. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, असं कायदा सांगतो, आणि मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच आयकरात खर्च म्हणून दाखवता येते. मध्यम उद्योगाला मात्र हे संरक्षण नाही. मोठ्या खरेदीदाराशी पहिली बोलणी करतानाच त्याचं खातं ट्रेड्सवर, म्हणजे बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर, आहे का ते विचारा. असेल तर बिल तिथं वटवून पैसे लवकर हातात पडतात.

एवढं सगळं केल्यावरही फक्त समुद्रातल्या पवनऊर्जेच्या भरवशावर कारखाना उभा करू नका. स्कॉटलंडमध्ये फाइफच्या किनाऱ्यावर बायफॅब ही तेलाच्या प्लॅटफॉर्मचं काम केलेली यार्ड होती. समोरच्या उत्तर समुद्रात एकामागून एक पवनप्रकल्प मंजूर झाले, पण बरेचसे पाये दूरदेशातल्या यार्डांतून तरंगत आले. दोन कामांच्या मधले रिकामे महिने यार्डला पेलवले नाहीत, आणि डिसेंबर २०२० मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रशासनात गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्याच लिलावात समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही, कारण सरकारनं कमाल दर वाढलेल्या खर्चाच्या मानानं फार खाली ठेवला होता. पुढच्या फेरीत दर वाढवल्यावर बोली आल्या. मधलं वर्ष पुरवठादारांनी कसं काढलं असेल, हे कारखाना चालवणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून तुमचा माल असा निवडा की तोच तीन दारांत विकता येईल. समुद्री दर्जाचा कठडा तेलाच्या प्लॅटफॉर्मला चालतो, जहाजाला चालतो, बंदराच्या जेटीला चालतो. एलटी जातीचं ओतकाम जमिनीवरच्या पवनचक्कीला आज विकलं जातं. परदेशी प्रकल्पांना जाणारी वाटही उघडी आहे. कोचीन शिपयार्डनं युरोपातल्या समुद्री पवनचक्क्यांच्या सेवेसाठी लागणारी खास जहाजं बांधायच्या ऑर्डर घेतल्या. आपल्या समुद्रात चक्की उभी राहण्याआधीच. गोव्याच्या आणि कोकणच्या छोट्या यार्डांना माणसं ने-आण करणाऱ्या बोटींचं काम याच वाटेनं मिळू शकतं.

उद्योजक संघटनांनी सरकारकडे काय मागावं, याबद्दलही माझं मत ठाम आहे. 'देशी मालाची सक्ती करा' ही मागणी सोपी वाटते. तैवाननं ती करून पाहिली. स्थानिक कारखान्यांची क्षमता तयार होण्याआधी अटी घातल्या, प्रकल्पांचा खर्च आणि वेळ वाढला, २०२४ मध्ये युरोपीय संघानं जागतिक व्यापार संघटनेत वाद नेला आणि पुढच्या फेऱ्यांत त्या अटी सोडाव्या लागल्या. मला विचाराल तर सक्तीआधी रांग मागा. दरवर्षी किती मेगावॅटच्या निविदा निघणार, पुढच्या सात-आठ वर्षांचं वेळापत्रक, आणि ते पाळलं जाईल याची हमी. बँक मॅनेजर तुम्हाला कर्ज देतो ते या वेळापत्रकावर. दुसरी मागणी बंदराची. जड भार पेलणारा धक्का आणि मागे मोकळी सपाट जागा नसेल तर तुमचा ट्रेलर जाणार कुठं? तिसरी, देशात चाचणीची सोय. नमुना परदेशी पाठवून सहा-आठ आठवडे वाट बघणं लहान कारखान्याला परवडत नाही.

खंबातच्या आखाताचा एक गुण लक्षात ठेवा. तिथं भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे, प्रवाह जोरदार आहेत आणि तळाशी बऱ्याच ठिकाणी मऊ चिखलमाती आहे. बोट लँडिंग आणि शिडी यांची लांबी त्यामुळे उत्तर युरोपच्या नकाशावरून तशीच्या तशी उचलता येणार नाही. इथल्या समुद्राला साजेसं रेखाटन ज्याच्याकडे तयार असेल, त्याला डिझाइनर आपणहून फोन करेल. आणि समुद्र मालाइतकीच माणसाचीही परीक्षा घेतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाली आणि कितीतरी कामगार परत आले नाहीत. त्यांतले बरेच वेल्डर, रिगर, फिटर होते, आपल्याच शेडमधून गेलेल्या मुलांसारखे. तेव्हा तुमचा माणूस उभारणीला समुद्रावर जाणार असेल तर त्याचं जीडब्ल्यूओचं, म्हणजे पवनऊर्जा क्षेत्रातलं सुरक्षेचं प्रशिक्षण, त्यातला समुद्रात तग धरण्याचा भाग धरून, पुरं झाल्याशिवाय त्याला बोटीत पाय ठेवू देऊ नका. खरेदीदाराची घाई असली तरी.

आता पहिलं काम. येत्या पावसाळ्यात ऑर्डरची वाट न पाहता एक बोट लँडिंगची शिडी करा, तीन मीटरची. प्रमाणपत्र असलेलं पोलाद घ्या, नंबर उतरवत कापा, पात्र वेल्डरकडून जोडा, कडा गोल करा, दवबिंदू बघून रंगवा, आणि प्रत्येक पायरीची नोंद एका फाइलला लावा. मग तपासणी संस्थेच्या माणसाला पैसे देऊन बोलवा आणि त्याला सांगा, नापास करायचीच आहे असं समजून बघा. तो ज्या ज्या ठिकाणी खडूनं खूण करेल, त्या खुणा पुसू नका. ती शिडी शेडच्या दारात, सगळ्यांना येता-जाता दिसेल अशी उभी करून ठेवा आणि दुसरी करायला घ्या.